पाणी लीडर ठरवतं, रीळ लाईन ठरवतं: राउंड व्हॅली आणि पाइन बॅरन्ससाठी

तुमचा प्रश्न वाचला. मासेमारीचं २५०० साइजचं (लहानसं) स्पिनिंग रीळ, मीडियम रॉड आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून काठोकाठ भरून घेतलेली १५ पौंडी (म्हणजे तेवढा ताण झेलणारी) फ्लुरोकार्बन लाईन. कारण काय, तर न्यू जर्सीतल्या राउंड व्हॅली जलाशयाचं पाणी नितळ आहे आणि फ्लुरो माशाला दिसत नाही. आता दर कास्टला (आमिष फेकलं की) वेटोळी उसळून बाहेर येतायत आणि दोन बास मासे हुकसेटलाच (गळ रुतवायला झटका दिला तेव्हाच) लाईन तोडून गेले. शिवाय त्याच राज्यातल्या पाइन बॅरन्स या जंगलपट्ट्यातल्या चहाच्या रंगाच्या तळ्यांवर जायचंय, तर तिथे कुठली लाईन, हेही विचारलंय. हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. गाठी बांधता येतात, परवाना काढलेला आहे, असं धरून लिहितो. मी गाईड नाही, आणि खालचं सगळं मुख्यतः स्पिनिंग रिळापुरतं आहे.

पाणी नितळ आहे की रंगीत, यावर लीडर, म्हणजे आमिषाजवळचा लाईनचा वेगळा तुकडा, ठरतो. स्पूलवर (रिळाच्या गुंडाळीवर) काय गुंडाळायचं ते रीळ आणि आमिष ठरवतं. दुकानात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते आणि भुर्दंड आपल्याला पडतो.

१५ पौंडी फ्लुरो साधारण ०.३३ मिमी जाड असते. ती नायलॉनपेक्षा ताठ, आणि स्पूलवर बसली की तोच गोल आकार धरून राहते. २५०० चा स्पूल लहान, त्यामुळे वेटोळीही लहान आणि घट्ट. बेल (लाईन अडवणारी तारेची कमान) उघडली की स्प्रिंग सुटावी तशी ती एकदम सुटतात. त्यात स्पूल ओठापर्यंत भरलेला असेल तर पहिल्याच कास्टला गुंता ठरलेला. या रिळावर पूर्ण फ्लुरो भरायचीच असेल तर ६ पौंडी, फार तर ८ पौंडी, आणि ओठाखाली ३ मिमी जागा सोडून. पण मुळात भरूच नये असं माझं मत आहे. लाईन कंडिशनरचा फवारा मारून फरक पडतो, पण ०.३३ मिमीचं ०.२३ होत नाही.

"दिसत नाही" याबद्दलही थोडं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोचा साधारण १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. म्हणजे फ्लुरो नायलॉनपेक्षा कमी दिसते, अदृश्य होत नाही. जाड फ्लुरोपेक्षा बारीक फ्लुरो कमी दिसते, इतकं साधं आहे ते. नितळ पाण्यात बासला खरं खटकतं ते आमिषाचं अडखळत हलणं, आणि ताठ जाड लाईन छोट्या आमिषाला नेमकं तसंच हलवते.

सर्वात जास्त मासे आणि पैसे घालवणारी चूक मात्र वेगळीच आहे: तुटल्यावर तुटलेलं टोक न बघता आणखी जाड लाईन घेणं. ८ तुटली म्हणून १२, १२ तुटली म्हणून १५. दुकान कधीच म्हणणार नाही की टोक दाखवा. ज्या काउंटरवरून मी लाईन घेत असे, तिथे तक्रार नेली की ड्रॅग (मासा ओढेल तशी लाईन सोडणारा ब्रेक) बिघडलाय, रीळ सर्व्हिसिंगला टाका, हे एकच उत्तर. उघडलेला डबा परत घेत नाही, ही पाटी वर. रीळ धडधाकट होतं. असो, तो राग इथे काढत नाही.

टोक असं वाचा. डुकराच्या शेपटीसारखं पिळलेलं, कुरळं टोक असेल तर गाठ सरकली: वेढे कमी पडले, नीट आवळली नव्हती किंवा शेपूट फार आखूड कापली. टोक पांढुरकं, चपटं आणि गाठीच्या अगदी वरच तुटलेलं असेल तर गाठ आवळताना फ्लुरो घर्षणाने भाजली. तुमच्या हुकसेटच्या कहाणीवरून मला हीच शंका आहे. जाड फ्लुरो घट्ट बसत नाही म्हणून माणूस कोरडीच झटक्याने ओढतो आणि गाठीची निम्मी ताकद तिथेच जाते. शेवटचे दोनतीन इंच खरखरीत, ओरखडलेले असतील तर खडक. लाईन भलत्याच जागी, मधेच तुटली असेल तर रॉडच्या कड्या तपासा: कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवा, तंतू अडकले तर रिंगला चीर आहे. आणि पाइन बॅरन्समध्ये, पाणवनस्पतींच्या कडेला, गळाजवळ स्वच्छ कापल्यासारखं टोक मिळालं तर तो बास नव्हता, चेन पिकरेल हा धारदार दातांचा मासा होता. बासच्या तोंडात खरखरीत कानस असते, कापणारे दात नसतात.

गाठ बांधताना थुंकीने किंवा पाण्याने ओली करा, सावकाश आणि सलग ओढा, आणि पालोमार गाठ बांधत असाल तर दुहेरी दोरे एकमेकांवर चढू देऊ नका. मग गळ एखाद्या खिळ्याला अडकवून दमदार ताण द्या. तुटायची असेल तर तिथे तुटू दे. आणखी एक: अडकलेलं आमिष जोर लावून ओढून सोडवलंत की फ्लुरो ताणली जाते आणि पूर्ववत होत नाही. तेवढा दोनतीन फुटांचा तुकडा कापून टाका. फ्लुरो ताणत नाही, हा डब्यावरचा दावा मनावर घेऊ नका.

आता तुमच्या रिळाचं. स्पूलवर आधी १०-१५ मीटर साधी मोनो, म्हणजे नायलॉनचं आपलं नेहमीचं तंगूस, गुंडाळा आणि त्यावर १० किंवा १५ पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाईन. खाली मोनो नसेल तर ब्रेडेडचा अख्खा गठ्ठा स्पूलवर गोल फिरतो आणि ड्रॅग गेला असं वाटतं; काउंटरवरच्या सर्व्हिसिंगच्या सल्ल्याला अशीच गिऱ्हाइकं मिळतात. भरताना ओल्या फडक्यातून ताण देऊन भरा. ढिली भरलेली ब्रेडेड मोठा मासा ओढायला लागला की खालच्या थरात रुतते. कास्टनंतर बेल हाताने बंद करा आणि ढील ओढून घ्या. वाऱ्यातल्या गाठींपैकी बऱ्याच तिथेच टळतात. ब्रेडेड घेताना पौंड बघू नका, व्यास बघा. १० पौंडी साधारण ०.१५ मिमी असते, पण काही कंपन्या तोच आकडा लिहून बरीच जाड लाईन देतात.

राउंड व्हॅलीसाठी लीडर ६ किंवा ८ पौंडी फ्लुरो, लांबी ८ ते १० फूट. १८० फुटांपर्यंत खोल जलाशय आहे, स्मॉलमाउथ बास खडकाळ उतारांवर खाली असतात, तिथे ड्रॉपशॉटला (वजन खाली, गळ त्याच्या वर बांधायची पद्धत) ६ पौंडी, बाकी सगळ्याला ८. इतका लांब लीडर म्हणजे जोडगाठ कड्यांतून आणि स्पूलवरून जाणार, म्हणून एफजी ही बारीक जोडगाठ शिका. डबल युनीही चालते (ब्रेडेडचे ८ वेढे, फ्लुरोचे ५), पण ती कडीत टकटक वाजते, आणि मग लीडर इतकाच ठेवा की कास्ट करताना गाठ टोकाच्या कडीबाहेर राहील. ८ पौंडी लीडरला ड्रॅग सुमारे २ पौंड. सामान वजन करायचा हातकाटा गळाला लावून बघा, अंदाजाने नको. आणि बारीक लीडरवर पातळ तारेचा गळ वापरा, त्याला झटका लागत नाही, रॉड नुसता ताणून धरला की रुततो. राउंड व्हॅलीत मोठाले झटके देणारे लोक बघितले की मला लाईन कंपन्यांचा धंदा कसा चालतो ते कळतं.

पाइन बॅरन्सचं पाणी गढूळ नाही, पानांतून उतरणाऱ्या तपकिरी टॅनिनने आणि लोहाने रंगलेलं आहे. फरक महत्त्वाचा. पांढरं आमिष बुडवून बघा: दोनचार फुटांवर दिसेनासं झालं तर रंगीत, फूटभरातच गेलं तर गढूळ, आठ फुटांच्या पुढेही दिसत असेल तर नितळ. रंगीत पाण्यात लीडर १० ते १२ पौंडी, दोन-तीन फूट पुरे, आणि पाणी गढूळ असेल तर ब्रेडेडला थेट आमिष बांधलं तरी मी काही म्हणणार नाही. तिथे लाईन दिसण्यापेक्षा बुडालेल्या लाकडांची भीती जास्त. लाल लाईन "पाण्यात नाहीशी होते" असं सांगून विकतात. नितळ पाण्यात लाल प्रकाश खोलीबरोबर आधी शोषला जातो, पण मग ती लाईन काळपट दिसते, नाहीशी होत नाही. टॅनिनच्या पाण्यात तर उलट निळा-हिरवा आधी जातो आणि लाल टिकतो. म्हणजे जिथे ती चालावी असं सांगतात तिथेच ती उठून दिसणार. गडद हिरवी ब्रेडेड घ्या, शेवटचे दोन फूट काळ्या मार्करने रंगवा.

पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाला फ्लुरोचा लीडरसुद्धा लावू नका. फ्लुरोची घनता १.७८, ती बुडते आणि पॉपरसारख्या तरंगत्या आमिषाचं नाक खाली ओढते. तिथे १२ पौंडी मोनोचा तुकडा. मोनो पाणी शोषते, उन्हात कमजोर होते, म्हणून दर हंगामाला बदला. स्वस्त आहे, जीव लावू नका. कमळपानांत रबरी बेडकाचं आमिष फिरवायचं असेल तर हे रीळ घरीच ठेवा, त्याला बेटकास्टर (आडव्या, फिरत्या स्पूलचं रीळ) आणि ५०-६५ पौंडी ब्रेडेड लागते. २५०० वर तो प्रयोग करून गिअर गेला तर मला विचारू नका.

न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून बास धरला की लगेच सोडावा लागतो, तेव्हा या काळात फार बारीक लीडरवर मासा दमेपर्यंत खेळवत बसू नका, ८ पौंडीच्या खाली जाऊ नका. नियम बदलतात, चालू वर्षाचं डायजेस्ट (मासेमारीच्या नियमांची पुस्तिका) बघून घ्या.

लीडरसाठी २०० यार्डांचा डबा घेण्याची गरज नाही, २५ यार्डांच्या लीडर स्पूलवर बहुतेकांचा हंगाम निघतो. आणि ती १५ पौंडी फ्लुरो फेकू नका. कोणाकडे बेटकास्टर असेल तर जिग आणि स्पिनरबेट या जड आमिषांना ती उत्तम आहे, तिथे स्पूल फिरतो, त्यामुळे वेटोळी उसळत नाहीत. नाहीतर दीड फुटाचे तुकडे कापून पिकरेलच्या पाण्यात लीडर म्हणून वापरा. प्रत्येक पिकरेलनंतर तुकडा बदलायचा, आणि कापलेले तुकडे काठावर टाकायचे नाहीत, ते वर्षानुवर्षं कुजत नाहीत आणि बदकांच्या पायात अडकतात.