विचारा की! : वेबसाईट कंपनीतली माणसं आणि त्यांची कामं

मागच्या अंकात म्हटलं होतं की वेबसाईट बनवणाऱ्या कंपन्यांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर आपल्या इंदूरकरांनी ढीगभर पत्रं पाठवली. मी स्वतः विजयनगरच्या अशाच एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांच्या आणि पैसे देणाऱ्यांच्या मधे उभं राहून दोघांच्याही शिव्या खाणारी बाई. तेव्हा उत्तरं तशीच असतील, समजून घ्या.

माझा मुलगा वेबसाईटच्या कंपनीत आहे. उन्हाळ्यात रात्री आठला मीटिंग असायची, दिवाळीनंतर नऊला सुरू होते, ऐन जेवायच्या वेळी. विचारलं तर म्हणतो, आई अमेरिकेत घड्याळ बदललं. थापा मारतोय का?
– एक आई, सुदामानगर

नाही हो काकू, खरं बोलतोय बिचारा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा, म्हणजे त्यांची सकाळची साडेदहाची मीटिंग तिथे साडेदहालाच राहते आणि आपल्याकडे आठची नऊ होते. आपलं घड्याळ वर्षभर एकच, त्यामुळे सरकायचं ते आपणच. गंमत म्हणजे इंग्लंडचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, त्यामुळे ज्या कंपनीकडे दोन्हीकडचे क्लायंट आहेत तिथे मार्चमधे दोनतीन आठवडे कोणती मीटिंग किती वाजता हे कुणालाच धड कळत नाही, आणि त्यात ॲरिझोनाचा क्लायंट असला तर बघायलाच नको कारण तिथे जवळजवळ सगळीकडे घड्याळ बदलतच नाहीत.

नोव्हेंबर ते मार्च त्याला साडेआठला वाढा. आणि शुक्रवारी रात्री जागत बसला तर मात्र खुशाल विचारा, कारण शुक्रवारी संध्याकाळी काही नवीन लाईव्ह करायचं नाही हा धंद्यातला साधा नियम आहे, काही बिघडलं तर शनिवारी दुरुस्त करायला कोण येणार, शनिवारी सकाळी सगळे पोहे-जलेबी खायला गेलेले असतात.

राजवाड्याजवळ आमचं कपड्याचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीकडून वेबसाईट करून घेतली, पूर्ण पैसे दिले. आता दुसरीकडे जायचं तर ते म्हणतात डोमेन आमच्या अकाउंटला आहे, कोडही आमचा. शिवाय मधूनच साईटवर ‘नॉट सिक्युअर’ येतं. पैसे आम्ही दिले तर साईट आमची नाही का?

दादा, इथे तीन वस्तू आहेत आणि तुम्ही तिन्हींना मिळून साईट म्हणताय, भांडण तिथूनच सुरू होतं.

डोमेन म्हणजे नाव. ते वर्षाच्या हिशोबाने नोंदवलेलं असतं आणि नोंदणीत मालक म्हणून ज्याचं नाव आणि ईमेल आहे त्याचं ते. बहुतेक वेळा होतं काय की कंपनीतला एखादा पोरगा पहिल्या दिवशी घाईघाईत स्वतःच्या जीमेलवरून नाव घेऊन टाकतो, फसवायचं म्हणून नाही, तुमचा ओटीपी यायला वेळ लागतो म्हणून, आणि सहा महिन्यांनी तो पोरगा पुण्याला जातो. आधी तुमच्या नावाने त्याच रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या कंपनीकडे, अकाउंट उघडा आणि कंपनीला लेखी कळवा की डोमेन इकडे हलवा. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर ट्रान्सफर कोड मागा. पैसे भरल्याची बिलं जपून ठेवा, वाद झाला तर तीच कामी येतात.

दुसरं होस्टिंग, म्हणजे साईट जिथे ठेवलेली असते ती जागा. ती भाड्याचीच असते. ‘नॉट सिक्युअर’चं कारण बहुतेक इथेच सापडेल. साईटशी जोडणी सुरक्षित आहे असं सांगणारं एक सर्टिफिकेट लागतं आणि लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेचं जे फुकट मिळतं ते साधारण ९० दिवसांनी संपतं. ते आपोआप नवीन होईल अशी सोय करून ठेवायची असते, ती बंद पडली आणि कुणी बघितलं नाही की ही पाटी येते. दोन वर्षांपूर्वी पैसे देऊन झालेत पण देखभालीचा करार केलेला नाही, बरोबर ना? मग बघणार कोण? साईट बनवण्यात आमचं जेवढं काम असतं त्याहून जास्त ती चालू ठेवण्यात असतं, आणि ह्या कामाचे पैसे मागितले की प्रत्येक दुकानदार विचारतो, आता कशाचे?

तिसरा कोड, आणि इथे तुम्हाला आवडणार नाही असं सांगते. कॉपीराईट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं, पण बाहेरच्या कंपनीला ऑर्डर देऊन कोड लिहून घेतला तर वेगळा करार नसेल तर तो साधारणपणे लिहिणाऱ्याचाच राहतो, तुम्ही पूर्ण पैसे दिलेले असले तरी. हक्क तुमच्याकडे यायला सही केलेला कागद लागतो, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाचच वर्षं धरली जाते. तेव्हा कोटेशनवर ‘कोडसकट सगळे हक्क कायमचे ग्राहकाचे’ अशी ओळ टाकून घ्यायची, तीही ॲडव्हान्स देण्याच्या आधी. फोटो आणि कपड्यांची माहिती तुम्ही स्वतः तयार करून दिली असेल तर ती तुमचीच, ती कॉपी करून आजच मागून घ्या.

भाचा बीसीए करतोय. एआय कोड लिहितंय म्हणे, मग हे शिकून उपयोग आहे का?

आहे. आमच्याकडेही कोडची पहिली आवृत्ती आता बरेचदा एआयच लिहितं, पण कपड्याच्या दुकानाचे शेटजी ‘जरा मॉडर्न करून द्या’ म्हणतात त्याचा अर्थ काय हे त्यांच्यासमोर बसून काढावं लागतं, आणि जे लिहिलं गेलंय ते बरोबर आहे का हे कळायला कोड वाचता यावा लागतो. त्याला म्हणावं वाचायला शीक.

मी एका कंपनीत टेस्टर आहे. डेव्हलपर मुलं म्हणतात ही नुसती क्लिक करत बसते. पगारही त्यांच्यापेक्षा कमी. काय सांगू त्यांना?

काही सांगू नकोस ग, बग दाखव, म्हणजे साईटमधली चूक. आणि असा दाखव की त्यांना हो म्हणावंच लागेल, कोणता फोन, कोणता ब्राऊजर, आधी काय दाबलं, मग काय झालं, व्हिडिओ जोडून. ‘पेमेंट चालत नाहीये’ असं लिहिलंस की तो म्हणणार माझ्याकडे तर चालतंय, आणि चालतच असतं, त्याच्याकडे महागडा लॅपटॉप आणि ऑफिसचं वायफाय आहे. तू स्वस्तातला अँड्रॉइड घे, डेटा वापर, सराफ्यात रात्रीच्या गर्दीत उभी राहून साईट उघड. गूगलच्या हिशोबाने पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे आणि बटण दाबल्यावर २०० मिलीसेकंदांत प्रतिसाद दिसला पाहिजे, हे आकडे पाठ ठेव, भांडणात बरे पडतात.

आणि जे त्यांना सुचणारच नाही ते तपास. पैसे भरताना बटण दोनदा दाबलं तर दोनदा कापले जातात का. मोबाईल नंबरच्या आधी शून्य टाकला तर. नावाच्या रकान्यात मराठी माणूस स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं सगळं लिहितो ते मावतं का. आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त क्लायंट वाचवलेत ते टेस्टर मुलींनी, फक्त अप्रेझलच्या वेळी ते कुणाला आठवत नाही, आणि ह्यात मी आमच्या साहेबांनाही सोडत नाहीये. पकडलेल्या बग्सची यादी स्वतःजवळ ठेव आणि पगाराच्या बोलण्याला घेऊन जा.

पहिलीच नोकरी लागतेय. कंपनी दोन वर्षांचा बॉन्ड आणि ओरिजिनल मार्कशीट मागतेय, सोडल्यास दोन लाख आणि वर्षभर दुसऱ्या वेबसाईट कंपनीत जायचं नाही. सही करू का?

मार्कशीट देऊ नकोस. दाखव, झेरॉक्स दे, घरी घेऊन ये. बाकी बॉन्डचं असं आहे की नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही ही अट भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे आपल्याकडे सहसा टिकत नाही. पण ठराविक मुदत काम करण्याची अट कोर्टांनी सरसकट रद्द केलेली नाही. दोन लाखांचं म्हणशील तर कलम ७४ आहे, कागदावर आकडा लिहिला म्हणजे तेवढा मिळालाच असं नाही, वाजवी भरपाईच मिळते आणि तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. त्यांना विचार की ट्रेनिंग नक्की कोण देणार, किती दिवस. उत्तर गोलगोल आलं तर ओळखून घे. सही करण्याआधी ओळखीच्या वकिलाला एकदा दाखव.

आमच्या मराठी मंडळाची वेबसाईट करून घेतली. जुन्या स्मरणिकांच्या फाईली दिल्या तर साईटवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. जे नीट दिसतं त्यात ल आणि श हिंदीसारखे. कंपनीतली मुलं म्हणतात हे असंच असतं.
– सचिव, रामबाग

असंच नसतं सर. मुलं हिंदीभाषक असतील, त्यांच्या डोळ्यांना तो ल खटकत नाही एवढंच.

कचऱ्याचं कारण जुने फॉन्ट, कृतिदेव, शिवाजी वगैरे. त्यात आतमधे इंग्रजी अक्षरंच असायची आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा कन्व्हर्टर लावून युनिकोडमधे, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर असलेल्या पद्धतीत, आणावं लागतं, आणि त्यानंतरही पहिली वेलांटी आणि रफार हटकून भलत्या अक्षरावर जाऊन बसतात, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि युनिकोडमधे ती नंतर येते, रफाराचं बरोबर उलटं. तेव्हा माणसाने वाचणं आलंच. मंडळात निवृत्त शिक्षक असतीलच, त्यांना कामाला लावा, आमच्या पोरांना ‘किर्तन’ आणि ‘कीर्तन’मधला फरक दिसणार नाही.

ल आणि शचं काम दहा मिनिटांचं आहे. युनिकोडमधे हिंदी ल आणि मराठी ल यांचा नंबर एकच, कोणता आकार काढायचा हे फॉन्ट पानाची भाषा बघून ठरवतो. पानाच्या सुरुवातीला भाषेचा कोड असतो, तो मुलांनी हिंदीचा टाकला असेल किंवा तयार टेम्प्लेटमधला इंग्रजीचा तसाच राहिला असेल. तो मराठीचा करायला सांगा आणि नोटो सॅन्स देवनागरीसारखा मराठी आकार असलेला फॉन्ट लावायला सांगा. आंधळी माणसं साईट ऐकतात तेव्हा वाचणारा आवाजही ह्याच कोडवरून निवडला जातो, म्हणून हे नुसतं दिसण्याचं प्रकरण नाही.

अजून एक तुम्ही विचारलं नाहीत. ‘दुसऱ्या’मधला र आणि ‘ॲड’मधला ॲ युनिकोडमधे दोन-दोन तऱ्हेने टाईप होतात, दिसायला सारखे पण कॉम्प्युटरला वेगळे. ॲ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली युनिकोडमधे आलं, त्याच्या आधीचं बरंचसं लिखाण अ वर चंद्र देऊन केलेलं. कंपनीला म्हणावं साईटचा शोध दोन्ही तऱ्हा धरून चालला पाहिजे. तपासायचं असेल तर साईटवर ‘वऱ्हाड’ शोधा, एकदा फोनवरून आणि एकदा कुणाच्या जुन्या कॉम्प्युटरवरून, दोन्हीकडे सारखेच लेख निघाले पाहिजेत. तोवर शेवटचा चेक देऊ नका.