तुमचे प्रश्न: ब्रीफिंग माझ्याकडे बघून द्या

मागच्या अंकात स्कूबा डाइव्हिंग कसं शिकायचं ते लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी बायकांची होती आणि दुखणं एकच, की आम्हाला डाइव्हर म्हणून कुणी मोजतच नाही. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि फक्त हाच विषय घेतलाय.

ताई, माझ्या १४० डाइव्ह झाल्यात, नवऱ्याच्या २२. तरी बोटीवर गेलं की डाइव्हमास्टर, म्हणजे डाइव्हला नेणारा, सगळं ब्रीफिंग, म्हणजे उतरण्याआधीच्या सूचना, त्याच्याकडे बघून देतो, खोली किती, करंट म्हणजे पाण्याचा प्रवाह कुठून, टँकमधल्या हवेचा दाब किती बार राहिला की परत फिरायचं, सगळं त्यालाच, आणि शेवटी माझ्याकडे वळून "तुम्ही यांच्या जवळच राहा हं." नवरा सांगतो की अहो हीच मला शिकवते, तर लोक हसतात, त्यांना वाटतं तो गंमत करतोय. मी चिडले की "एवढं काय मनावर घेताय" असं ऐकावं लागतं. खरंच जास्त मनावर घेतेय का मी?

नाही हो, अजिबात जास्त नाही. ब्रीफिंग कशासाठी असतं? खाली गेल्यावर बोलता येत नाही म्हणून निर्णय आधीच ठरवून घ्यायचे असतात. आता तुमच्या जोडीत अनुभव तुमच्याकडे आहे, म्हणजे काही बिनसलं तर निर्णय तुम्हीच घेणार, आणि माहिती मात्र दिली गेली २२ डाइव्हवाल्याला. यात तुमचा अपमान तर झालाच, पण त्याहून वाईट म्हणजे तुम्ही दोघंही कमी तयारीने पाण्यात उतरलात.

मला हे फार लवकर कळलं, आणि चांगल्या पद्धतीने नाही कळलं. माझ्या साठेक डाइव्ह झाल्या होत्या, बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, म्हणून एक अनोळखी गृहस्थ मिळालेले. १९ मीटरवर माझ्या रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या साधनातून, श्वासाबरोबर पाण्याचे थेंब यायला लागले. मी अंगठा वर केला. अंगठा वर म्हणजे डाइव्ह संपली, वर चला, आणि यातला नियम अगदी पक्का आहे की कोणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी अंगठा दाखवू शकतं आणि समोरच्याने त्यावर वाद घालायचा नसतो. त्याने मला 'ओके' केलं, माझा हात धरून दोनदा थोपटला, रडणाऱ्या पोरीला गप्प करतात ना तसा, आणि पुढे निघून गेला. मी गेले नाही त्याच्या मागे. जादाचा दुसरा रेग्युलेटर तोंडात घातला, सावकाश वर आले, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबले आणि एकटी बोटीवर चढले. माउथपीसला चीर गेली होती. तो बऱ्याच वेळाने वर आला आणि म्हणाला, "मला वाटलं तुम्ही घाबरलात." समजा घाबरले असते, तरी अंगठ्याचा अर्थ बदलतो का? त्या दिवसापासून कुणी मला म्हटलं की एवढं काय मनावर घ्यायचं, की मला तो थोपटलेला हात आठवतो.

आता करायचं काय. ब्रीफिंग सुरू व्हायच्या आधीच डाइव्हमास्टरकडे जा, नाव सांगा, डाइव्ह किती ते सांगा, शेवटची डाइव्ह कधी आणि किती खोल ते सांगा, आणि सरळ म्हणा की आमच्या जोडीत लीड मी करते. विनंतीच्या सुरात नको, माहिती द्यावी तसं. ब्रीफिंगमध्ये पहिला प्रश्न तुम्ही विचारा, खरा प्रश्न, म्हणजे परत फिरायचं प्रेशर किती किंवा करंट फिरला तर बोट कुठून उचलणार. आणि नवऱ्याला सांगा की माझी बाजू मांडू नकोस. तो बोलला की संभाषण परत त्याचंच होतं. त्याला काही विचारलं तर त्याने नुसतं तुमच्याकडे बघायचं आणि थांबायचं. डाइव्हमास्टरची नजर आपोआप वळते, मी हे अनेकदा बघितलंय.

मी २२ वर्षांची आहे, ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स करतेय. बॅचमध्ये मुलगी मी एकटीच. बाकीचे आपापला टँक-रेग्युलेटर वगैरेचा सेट जोडतात, माझा मात्र इन्स्ट्रक्टर स्वतः जोडून देतात, टँकही उचलून आणतात. वजनं पण जास्तीची लावतात, म्हणतात तू हलकी आहेस, खाली जाणार नाहीस. पाण्यात मी सारखी पाय खाली करून उभीच राहते आणि माझी हवा सगळ्यांच्या आधी संपते. मला जमतच नाहीये असं वाटतं, सोडून देऊ का?

सोडू नकोस. तू जे लिहिलंयस त्यात तुझी चूक मला एकही दिसत नाहीये, चूक त्या वजनांत दिसतेय.

बघ काय होतं. कमरेला गरजेपेक्षा ३-४ किलो जास्त लावले की ते पेलायला बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळायच्या हवेच्या जॅकेटात, जास्त हवा भरावी लागते. बीसीडी छातीशी फुगतो, वजन कमरेला ओढतं, त्यामुळे तू आडवी न राहता उभी होतेस. उभं शरीर पुढे न्यायचं म्हणजे भिंत ढकलल्यासारखं, त्यात पाय जास्त मारावे लागतात, दम लागतो, हवा भराभर संपते. वर आणखी एक, बीसीडीतली ती हवा खोलीप्रमाणे आकसते आणि फुगते, जितकी जास्त हवा तितकं हे वरखाली होणं जास्त, म्हणजे तुला एका पातळीवर राहता येत नाही. आणि मग सगळे म्हणतात की मुलींना बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका पातळीवर राहणं, जमत नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण आधी मुलीला काळजीपोटी दगड बांधायचे आणि मग ती बुडते म्हणून तिला कच्ची म्हणायचं.

योग्य वजन शोधायची पद्धत सगळ्यांना एकच आहे. टँकमध्ये ५० बारच्या आसपास हवा उरली असताना ५ मीटरवर बीसीडी पूर्ण रिकामा कर आणि शांत श्वास घेत राहा. त्याच पातळीवर तरंगत राहिलीस तर वजन बरोबर, खाली जात राहिलीस तर जास्त आहे, एकेक किलो काढत जायचं. हे शेवटी बघायचं कारण टँकमधली हवाही वजनदार असते, नेहमीच्या ॲल्युमिनियम टँकमध्ये साधारण अडीच किलो, ती संपत आली की टँक हलका होतो. तू पाण्यात हलकी आहेस हे खरं असू शकतं, बायकांच्या अंगात चरबीचं प्रमाण सरासरी जास्त असतं आणि वेटसूट जाड असेल तर तो पण वर ओढतो. पण किती हलकी ते मोजायचं असतं, नुसतं बघून ठरवायचं नसतं.

बीसीडी पण तपासून घे. पुरुषांच्या मापाचा बीसीडी आखूड धडाच्या मुलीला घातला की पट्टा कमरेवर न बसता खाली सरकतो, टँक पाठीवर डुलतो आणि तू सारखी एका बाजूला कलंडतेस. फुगवल्यावर खांद्यांवरून वर निघून कानाशी आला तर तो तुझ्या मापाचा नाही. बायकांसाठी वेगळे कट मिळतात, पण त्यावर बायकांचा असं लिहिलंय म्हणून घेऊ नकोस, घालून बघ. लहान मापाचा साधा बीसीडी चपखल बसला तर तोच चांगला.

आणि सेट उद्यापासून तूच जोड. इन्स्ट्रक्टरना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस, "सर, मी जोडते, तुम्ही फक्त तपासा" एवढंच म्हण. ज्याने सेट जोडला त्यालाच माहीत असतं की हवा गळू न देणारी रबरी ओ-रिंग बघितली का, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला का, गेज बघत बघत दोन श्वास घेतले का. पाण्याखाली तो सेट तुझा जीव आहे, तिथे तुला त्याची ओळख पाहिजे. टँकचं म्हणशील तर भरलेला ॲल्युमिनियम टँक १६-१७ किलोचा असतो, गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून उचल, लांब न्यायचा असेल तर ट्रॉली वापर. पुरुषांचीही पाठ त्यानेच जाते, ते सांगत नाहीत इतकंच.

मी पुरुष वाचक आहे. बायको नुकतीच डाइव्हिंग शिकली. मदत केली की तिला राग येतो, नाही केली की लोक माझ्याकडे बघतात. खाली मी तिचा हात धरून ठेवतो, कधी तिच्या बीसीडीत हवा भरतो, तिला त्रास होऊ नये म्हणून. दुसरं म्हणजे माझी हवा तिच्या आधी संपते आणि तिच्यामुळे नाही तर माझ्यामुळे वर यावं लागतं, ते सांगायला ऑकवर्ड होतं.

प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. लोकांचं सोडा, ते बोटीवर बसलेत, पाण्यात तुम्ही दोघं आहात.

हात धरणं आणि तिच्या बीसीडीला हात लावणं आजच बंद करा. धोका असेल तेव्हा जरूर लावा, तेव्हा विचारत बसायचं नसतं. पण एरवी तुम्ही तिच्या बीसीडीत हवा भरता तेव्हा ती जी पातळी श्वासावर सांभाळत होती ती बिघडते, ती वर जायला लागते आणि ते तिला कळायच्या आत होतं. नवीन डाइव्हरला अचानक वर ढकलणं किती धोक्याचं आहे ते तुम्ही कोर्समध्ये शिकलायत. आणि हात धरला की तिचा एक हात अडकला, ती गेज कधी बघणार? तिच्या बाजूला, एका हाताच्या अंतरावर राहा. बोटीवर मदत करायची तर आधी विचारा, "टँक देऊ का वर?" ती नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तरी त्यात काही कमीपणा नाही, पाठदुखीवाले धडधाकट पुरुषही पाण्यातच सेट काढून वर देतात आणि मग शिडी चढतात.

हवेचं सांगते. समजा तुम्हाला पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागते, तिला १५. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे तुमची ६० लिटर जाते, तिची ४५. १२ लिटरचा टँक २०० बारवरून ५० बारपर्यंत वापरला तर १८०० लिटर हातात, तुम्हाला ३० मिनिटं, तिला ४०. लहान शरीराला हवा कमी लागते, शांत माणसालाही कमी लागते. यात लपवण्यासारखं काहीच नाही, उलट लपवलं तर तुमच्याइतका धोका तिलाही आहे, कारण तुमची हवा संपली तर तुम्ही तिच्याच टँकवर येणार ना? टँकमध्ये १०० बार उरले की तिला खुणेने सांगायचं, तिने विचारायची वाट बघायची नाही.

पाळीत डाइव्ह केली तर शार्क येतात हे खरं का? ग्रुपमधले पुरुष याच कारणाने मला नको म्हणतात.

खोटं आहे, असा काहीही पुरावा नाही. टॅम्पॉन किंवा कप, जे एरवी वापरता तेच वापरा. पोटात दुखत असेल, थकवा असेल तर त्या दिवशी उतरू नका, पण ते तुम्ही ठरवायचं, ग्रुपने नाही. गरोदरपणात मात्र डाइव्हिंग पूर्ण बंद, इथे मी काही ऐकून घेणार नाही. वर येताना रक्तात जे बुडबुडे होतात ते आपली फुप्फुसं गाळून टाकतात, पण पोटातल्या बाळाचं रक्त बहुतेक फुप्फुसांना वळसा घालून जातं, त्याला ते संरक्षण नाही.

मी इन्स्ट्रक्टर व्हायची तयारी करतेय. असिस्ट करताना दोन विद्यार्थ्यांनी तोंडावर विचारलं, "शिकवायला सर नाहीत का?" माझ्या आधीच्या बायकांनी हे कसं सहन केलं असेल?

सहन केलं आणि काम करत राहिल्या. डॉटी फ्रेझर १९५५ मध्ये अमेरिकेतली पहिली स्त्री स्कूबा इन्स्ट्रक्टर झाली, पुढे स्वतःचं डाइव्ह शॉप चालवलं, वेटसूट बनवले. समुद्रशास्त्रज्ञ सिल्व्हिया अर्ल यांच्या नावावर हजारावर तास डाइव्हिंग होतं तरी १९७० च्या टेकटाइट प्रकल्पात, म्हणजे समुद्राखाली राहून संशोधन करायच्या मोहिमेत, पुरुषांबरोबर त्यांना घेतलं नाही, मग पाच बायकांची वेगळी टीम झाली, त्या समुद्राखाली सुमारे १५ मीटरवर दोन आठवडे राहिल्या, संशोधन केलं आणि वर आल्यावर पेपरवाले त्यांना अॅक्वाबेल्स म्हणाले. सुंदऱ्या! पुरुष गेले की अॅक्वानॉट आणि या गेल्या की सुंदऱ्या. त्याच अर्लबाई १९७९ मध्ये हवाईजवळ ३८१ मीटरवर समुद्राच्या तळाशी चालल्या. डॉना टोबायस १९७५ मध्ये अमेरिकन नौदलाच्या डीप सी डाइव्हिंग स्कूलमधून पास झाली, तो जुना तांब्याच्या हेल्मेटचा पोशाख जवळपास ९० किलोचा, तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा जड. आणि कोरियाच्या जेजू बेटावर तर हेन्यो बायका टँकशिवाय, एका श्वासावर समुद्रात उतरून पोट भरत आल्यात, त्यांच्यात कोण वरिष्ठ ते पाण्यातल्या कौशल्यावरून ठरतं. मला ही रीत फार आवडते.

सरांची चौकशी करणाऱ्याला रागावू नकोस, खुलासाही देऊ नकोस. "आजचा वर्ग माझा आहे, मास्क घ्या" म्हण आणि सुरू कर. तुझं ब्रीफिंग नेमकं असू दे, आवाज मोकळा असू दे, आणि शिकवताना चुकलीस तर त्यांच्यासमोर दुरुस्त कर, लपवू नकोस. रेस्क्यूचं प्रात्यक्षिक द्यायची वेळ येईल तेव्हा बॅचमधला सगळ्यात धिप्पाड माणूस निवड. त्याची वजनं सोड, बीसीडी फुगव, तो तरंगायला लागला की त्याच्या टँकच्या व्हॉल्व्हला धर आणि पाठीवर पडून सावकाश, एका लयीत पाय मारत त्याला बोटीपर्यंत ने. घाईने नेऊ नकोस, दमशील. सगळी बॅच बघतेय, बघू दे.