डचमधला ‘र’ आणि त्याच्या आधीचा स्वर

प्रश्न : ताई, मी वेंगुर्ल्याचा, बोटीवर नोकरीला आहे, रॉटरडॅमला जाणंयेणं असतं म्हणून डच शिकतोय. समुद्राला ‘झे’ म्हणतात, पण ‘खूप’ या अर्थाचा शब्द, तेच स्पेलिंग आणि पुढे फक्त आर, तो मला ‘झीर’ ऐकू येतो. माझं ऐकणं चुकतंय का?

उत्तर : नाही हो, कान एकदम तयार आहे तुमचा! नेदरलँड्समध्ये हा ‘ए’ शेवटी जरा ‘इ’कडे सरकतो, ‘झेइ’ असा, पण पुढे र आला की ते सरकणं थांबतं आणि अख्खा स्वरच लांब होऊन ‘ई’जवळ जातो, ‘ओ’ पण असाच ‘ऊ’कडे झुकतो. लांबीचं तर मला फार आवडतं, पुस्तक म्हणजे ‘बुक’, त्यातला उ ऱ्हस्व, आणि शेतकरी म्हणजे ‘बूऽर’, चांगला ताणलेला, लिहिताना मात्र दोन्हीकडे ओ-ई (oe) हीच अक्षरं. शब्दाच्या शेवटचा ल पण आधीच्या स्वराला तोंडात मागे खेचतो. र स्वतः कोणी घशातून काढतं, कोणी जीभ वळवून, त्यामुळे आधी स्वर पक्का करा. बेल्जियमच्या बाजूला गेलात तर ‘झे’ बराच सरळ ऐकू येईल.