वाचक विचारतात : चिकाचा हलवा आणि मलिदा

प्रश्न : अलिबागला आमच्या शेजारी बेने इस्राएली (कोकणातले मराठी ज्यू) कुटुंब राहतं. त्यांच्या नव्या वर्षाला चिकाचा हलवा आमच्याकडे येतो. कुरडयांसाठी आम्ही चीक काढतो, त्याचा हा हलवा होईल का? त्यात दूध का घालत नाहीत?

उत्तर : दुधाचं कारण आधी. ज्यू आहारनियमांप्रमाणे मांस आणि दूधदुभतं एका जेवणात चालत नाही. सणाला मटण असतं, म्हणजे गोडात दूध नको. कोकणात नारळ दारातच, दुधाऐवजी त्याचा रस घातला की प्रश्नच मिटला. नियम यरुशलेमचा, रस रायगडचा. या समाजाचं सगळं स्वयंपाकघर याच सांध्यावर उभं आहे.

कुरडईचा चीक चालेल, पण कुरडईला खपणारा आंबटपणा हलव्याला खपत नाही. गहू तीनच दिवस भिजवा, पाणी रोज बदला. वाटून, पिळून, फडक्यातून गाळून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी ओतून टाका, ताजं पाणी घालून ढवळा आणि चीक पुन्हा बसू द्या. हे दुसरं पाणी बरेच जण टाळतात आणि मग हलवा आंबूस लागतो. शिवाय आंबटपणानं चिकाची धरण्याची ताकद कमी होते, वड्या सैल पडतात.

दोन वाट्या दाट चिकाला सहा वाट्या नारळाचा रस आणि अडीच वाट्या साखर घ्या. चीक गार रसातच कालवा. गरम रसात ओतलात तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. चिमूटभर मीठ घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळत राहा. मिश्रण दाटून चकाकी आली की मगच साखर घाला. सुरुवातीलाच घातलीत तर ती पाणी धरून ठेवते आणि चीक नीट फुलत नाही. साखरेनं मिश्रण पुन्हा पातळ होईल, घाबरू नका. पाऊण ते एक तास लागतो. गोळा कडा सोडू लागला आणि कडेला खोबऱ्याचं तेल सुटलं की वेलची, बदाम-पिस्त्याचे काप घालून थाळीत ओता. लाल रंग ऐच्छिक. वड्या चार-पाच तासांनी पाडा.

थाळीला तूप लावू नका! तूपही दुधाचंच, सगळी खटपट तिथे फुकट जाते. खोबरेल लावा. एकेकाळी घाणा चालवणाऱ्या आणि शनिवारी तो बंद ठेवणाऱ्या 'शनवार तेल्यां'च्या, म्हणजे याच समाजाच्या, हलव्याला तेच शोभतं.

हल्ली, विशेषतः इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या घरांत, कॉर्नफ्लोअर आणि चायनाग्रास वापरतात. वेळ वाचतो, पण तो हलवा थरथरतो. चिकाचा दाताखाली किंचित ओढ देतो, मजा त्यातच आहे.

शेजाऱ्यांना पाठवायचा असेल तर आधी विचारून घ्या. काही घरांत भांड्यांचेही नियम पाळतात.

प्रश्न : मलिद्याच्या ताटात पोह्यांबरोबर इतकी फळं का? आणि पोहे चिकट का होतात?

उत्तर : मलिदा हा बेने इस्राएलींचा गोड पोहे आणि फळांचं ताट मांडून प्रार्थना करण्याचा विधी. तो एलियाहू हन्नावीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावानं होतो. नवस फेडताना, लग्नाआधी, आजारातून उठल्यावर. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा मानलेला खडक आहे, तिथेही मलिदा होतो. फळांचं कारण खाण्याआधी म्हणायच्या आशीर्वचनांत आहे. झाडाच्या फळाचं वेगळं, जमिनीतून येणाऱ्याचं वेगळं. खजूर पहिल्यात मोडतो. केळं मात्र ज्यू धर्मशास्त्रात दुसऱ्यात, कारण केळीला लाकडी खोड नसतं. म्हणून एकच फळ ठेवून भागत नाही.

पोहे चिकट होतात ते भिजत ठेवल्यामुळे. जाड पोहे चाळणीत धुवा आणि दहा मिनिटं निथळू द्या, बस्स. चार वाट्या पोह्यांना दीड वाटी ओलं खोबरं, पाऊण वाटी साखर, वेलची, सुका मेवा. साखर अगदी शेवटी, प्रार्थनेच्या थोडं आधी मिसळा. तिला पाणी सुटतं. गूळ घालायचा तर बारीक किसून खोबऱ्यात आधी कालवून घ्या, पोह्यांत थेट घातला की खडे राहतात.