गोळी नको म्हणणारे काका

"लोहानं कॅन्सर वाढतो म्हणतात. मग ही गोळी मी का घ्यायची?"

काकांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. वय ६२. हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, अवघं ७. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोबत मुलगी होती. तिनं गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. दहातल्या दोनच फोडलेल्या. काकांनी पिशवीतून एक वही काढली. उभ्या-आडव्या रेघा आखून त्यात पदार्थ लिहिले होते आणि पालेभाज्या, कडधान्यं, अंडी, सुका मेवा, मांस, सगळ्यांवर लाल पेन्सिलीची फुली होती. "महिना झाला, यातलं काही तोंडात घातलं नाही," ते म्हणाले.

त्यांचे थोरले भाऊ मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेले होते. ही वही त्या दुःखातून आली होती, म्हणून तिला नावं ठेवायचा प्रश्नच नव्हता.

"तुम्ही वाचलंत ते सगळंच खोटं नाही," मी म्हटलं. आहारतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो आणि दरवेळी मी खऱ्या भागापासून सुरुवात करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरला कारणीभूत गोष्टींच्या गटात घातलं आणि तांबडं मांस 'बहुधा कारणीभूत' गटात. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तांबड्या मांसातलं लोह 'हीम' या रूपात असतं. ते आतड्याच्या अस्तराला त्रास देतं आणि तिथे घातक नायट्रोसो संयुगं तयार व्हायला हातभार लावतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. भाजीपाला नि डाळींतलं लोह वेगळ्या रूपात असतं. त्याच्याबाबतीत असा धोका दिसलेला नाही. म्हणून मांसावरची फुली मी थोडी सैल केली, 'क्वचित, बेताचं' असं लिहिलं. बाकीच्या फुल्या खोडायला सांगितल्या.

"पण कॅन्सरच्या पेशींना लोह लागतं ना?"

लागतं. वाढणाऱ्या प्रत्येक पेशीला लागतं. पण आपण पालेभाजी सोडली म्हणून गाठीची उपासमार होत नाही; आधी हाल होतात ते हाडांच्या मज्जेचे, जिथे रक्त तयार होतं. लोह जास्त साठल्यानं होणारा आजारही आहे, हिमोक्रोमॅटोसिस. त्यात जन्मापासून लोह शोषण्यावर लगाम नसतो. ते यकृतात साठत जातं, यकृत निबर होतं आणि पुढे यकृताच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पण तिथे फेरिटिन शेकड्यांत, कधी हजारांत असतं. काकांचं ७ होतं.

मला खरी काळजी त्या ७ चीच वाटत होती. शरीरात एकूण लोह असतं ३ ते ४ ग्रॅम. दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम आत येतं, तेवढंच बाहेर जातं. महिनाभराच्या पथ्यानं हा साठा रिकामा होत नाही. मात्र दोन मिलिलिटर रक्त गेलं, की त्याबरोबर सुमारे एक मिलिग्रॅम लोह जातं. रोज थोडं थोडं, डोळ्यांना न दिसणारं रक्त आतून झिरपत असेल, तर काही महिन्यांत माणूस असा पांढराफटक पडतो. पाळी येणाऱ्या बाईचं रक्त कमी असलं तर कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह संपलं, तर ते जातंय कुठे हे शोधावंच लागतं. काकांच्या चिठ्ठीवर फक्त गोळी लिहिलेली होती.

"आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"काही नाही."

"बाबा, गुडघ्याची?" मुलगी म्हणाली.

दोन वर्षं रोज एक वेदनाशामक गोळी. पुष्कळदा उपाशीपोटी. त्या गोळीला काका औषध समजतच नव्हते.

लोहाच्या गोळ्या दोनवर का थांबल्या, तेही मग कळलं. शौचाला काळं झालं म्हणून घाबरले. या गोळ्यांनी काळं होतंच, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल, तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. तेव्हा लगेच डॉक्टर गाठायचे. गोळीच्या आधी असं कधी झालं होतं का, विचारलं. त्यांना आठवेना.

तोंडाकडून आणि खालून, दोन्ही बाजूंनी दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला हवी, असं मी सुचवलं. काकांनी वही मिटली. "आणि कॅन्सर निघाला तर?"

"निघाला तर तो आजही तिथेच आहे, काका. तपासणी केली नाही म्हणून तो जाणार नाही."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मीही घाई केली नाही. मग हळूच म्हणाले, "भाऊपण असाच दमायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं."

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. जठरात वेदनाशामकामुळे झालेला व्रण निघाला. मोठ्या आतड्यात पावणेदोन सेंटिमीटरचा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, होता. तो त्याच वेळी काढला. तपासणीत तो कॅन्सर नसल्याचं कळलं, पण वर्षानुवर्षं राहिला असता तर पुढे होऊ शकला असता, अशा जातीचा होता. डॉक्टरांनी ती वेदनाशामक गोळी बंद केली आणि लोहाची पुन्हा सुरू केली, एक दिवसाआड. चहा-कॉफीपासून तास-दोन तास लांब ठेवायची, सोबत लिंबूवर्गातलं काहीतरी घ्यायचं, एवढी भर मी घातली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.९ झालं. साठा भरायला आणखी तीन महिने गोळी चालू ठेवायची आहे.

शेवटच्या भेटीत मुलगी जरा मागे थांबली. आधी तिचे थोरले काका आणि आता बाबा. मग तिनं स्वतःची तपासणी कधी करायची? ती ३७ ची. ज्यांच्या घरात असा इतिहास आहे त्यांनी इतरांपेक्षा लवकर, साधारण चाळिशीपासून करून घ्यावी, नेमकं वर्ष वडिलांचे रिपोर्ट दाखवून पोटाच्या डॉक्टरांकडून ठरवावं, असं सांगितलं. तिनं वडिलांच्या हातातली वही घेतली आणि मागच्या पानावर लिहून ठेवलं.