‘धबधबा’ हा बोलीतला शब्द आहे का? निबंधात ‘जलप्रपात’ लिहावं का? आणि झऱ्यात व धबधब्यात फरक काय?

धबधबाच लिहा. निबंधात, अहवालात, भूगोलाच्या पेपरात, कुठेही.

मी अकोले तालुक्यातला. प्रवरा नदी जिथे सुमारे १७० फूट खाली पडते, तो रंधा आमच्या घरापासून जवळ. आठवीत मी त्याच्यावर दोन पानांचा निबंध लिहिला होता. मराठीच्या सरांनी प्रत्येक ‘धबधबा’ लाल शाईने खोडून वर ‘जलप्रपात’ लिहिलं. वही वर्गासमोर धरून म्हणाले, “ढोल बडवल्यासारखा हा शब्द लेखनात शोभत नाही.” मी मान खाली घालून बसलो.

घरी आजीला ते वाचून दाखवलं, तिला अक्षरओळख नव्हती. तिने एवढंच विचारलं, “परपात वाजतो कसा?”

रंध्याच्या वर भंडारदऱ्याचं धरण आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं. त्यामुळे एरवी वरून पाणी सुटलं तरच रंध्याला धार. उन्हाळ्यात तिथून जाताना आजी ‘कडा’ म्हणायची, धबधबा नाही. आषाढात रात्री अंथरुणात आवाज ऐकू आला, की म्हणायची, “आला गं बाई धबधबा!” पाणी दिसायच्या आधीच. तिच्या लेखी तो आवाज म्हणजेच धबधबा, आणि व्युत्पत्तीही तेच सांगते. धबधब असा आवाज करतो तो धबधबा.

आणि गडगडाट, किलबिलाट, खळखळाट हे अनुकरणवाचक शब्द आम्हाला त्याच वर्षी त्याच सरांनी शिकवले होते! ते चालतात, मग त्यांच्याच कुळातला धबधबा का नाही? प्रपात म्हणजे नुसतं पडणं. उल्कापात, अधःपात यांतला ‘पत्’ धातू तोच. संस्कृतात उभ्या कड्यालाही प्रपात म्हणतात, म्हणून पाणी सांगायला पुढे ‘जल’ जोडावं लागतं. धबधब्याला काहीच जोडावं लागत नाही.

झऱ्याचं थोडक्यात सांगतो. जमिनीतून, खडकाच्या फटीतून झरतं ते पाणी म्हणजे झरा, त्याला उंचीवरून पडावं लागत नाही. संस्कृतातला ‘निर्झर’ मात्र डोंगरावरून कोसळणारा. मराठीत आपण त्यालाही झराच करून टाकलंय.

संस्कृतशी माझं भांडण नाही. कवितेत वृत्तासाठी प्रपात हवा असेल तर खुशाल घ्या. बस्तरच्या चित्रकोटला हिंदीत जलप्रपातच म्हणतात, ते तिथे बरोबर आहे. पण मराठीच्या वहीत कुणी धबधबा खोडला, तर व्याकरणाचं पुस्तक घेऊन त्यांच्यापुढे जा आणि अनुकरणवाचक शब्दांचं पान उघडून दाखवा. आठवीत मी गेलो नाही, ते अजून सलतं.