केळीच्या खोक्यावरची तिरपी अक्षरं

प्रश्न : केळीच्या खोक्यांवर इंग्रजीत नाव छापायचंय. पोरगा म्हणतो, जाड, तिरपा स्लॅब सेरिफ घ्या. चालेल का? – एक वाचक, रावेर

उत्तर : चालेल भाऊ, पण नावापुरताच. या अक्षरांचे पाय विटेसारखे चौकोनी, जवळजवळ उभ्या दांड्याइतके जाड. नाजूक टोकं पुठ्ठ्यावर पुसट होतात, हे पाय टिकतात. लंडनचा १८४५ चा क्लॅरेंडन, मोनोटाइप कंपनीचा १९३४ चा रॉकवेल, दोघंही याच घराण्यातले. तिरपा केला की अक्षर एसटीमागं धावणाऱ्या माणसासारखं पुढं झुकतं. नावाला ती घाई शोभते. वजन, पत्ता मात्र साध्या, सरळ अक्षरात ठेवा.

जळगावात माझा छापखाना होता तेव्हा असाच खोका केला. इंग्रजी स्मॉल ईचं (e) पोट, म्हणजे आतली मोकळी जागा, शाईनं बुजलं आणि तो सी दिसायला लागला. दोनशे खोके गेले. शेतकऱ्यानं पैसे दिले नाहीत. बरोबरच होतं त्याचं. म्हणून पोटं मोकळी असलेला फाँट निवडा, अक्षरांत जरा जास्त अंतर सोडा आणि आधी त्याच पुठ्ठ्यावर एक नमुना काढून बघा.

आणि खाली मराठी नाव असलं तर ते तिरपं करू नका. संगणक बहुतेकदा ते नुसतं एका बाजूला ढकलतो. काने वादळातल्या केळीसारखे कलंडतात.